नगाऱ्यात अडकलेले हात

एका राज्यात एक नगारा होता. तिथली माणसं वाघाला भीत नसत, पटकीला भीत नसत, पण त्या नगाऱ्याची गोष्ट निघाली की बोलता बोलता गप्प होत. राज्याचं नाव विचारू नका. सांगितलं की तुम्ही म्हणाल, हं, तिकडचं होय, आपलं नव्हे. आणि मग नीट ऐकणार नाही. नीट ऐका, आणि हुंकार देत राहा. ही गोष्ट झोपलेल्यांना सांगायची नाही.

तर त्या राज्याला नदीपलीकडे दुसरं राज्य लागून होतं. अलीकडे डोंगराचा राजा, पलीकडे गाळाच्या सपाट मळईचा राजा. दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. त्या भावांनी मिळून एका मांत्रिकाचा खजिना लुटला. सोनं निम्मं निम्मं वाटलं, रत्नं निम्मी निम्मी वाटली. राहिला एक तांब्याचा नगारा. तो काही अर्धा होईना. मग नदीच्या मधोमध कातळाचं बेट आहे तिथं तो ठेवला, आणि त्यावर हात ठेवून दोघांनी शपथ घेतली, की भावानं भावावर शस्त्र धरायचं नाही. मांत्रिक काठावर मरत पडला होता. तो हसला आणि एवढंच म्हणाला, "हात ठेवलेत. हात माझे झाले."

तेव्हापासून असं होऊ लागलं. एखाद्या दिवशी नगाऱ्याचं कातडं घामेजायचं, आणि दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी तो आपोआप वाजायचा. वाजला की ज्यानं ज्यानं त्यावर शपथ घेतली असेल, त्याचे हात उठायचे. आधी हात उठायचे, मग माणूस. हातात घास असला तर घास गळायचा, तान्हं पोर असलं तर पोर गळायचं. हात भाला शोधायचे, कोयता शोधायचे, आणि त्यांच्यामागून तो माणूस उघड्या डोळ्यांनी नदीकडे ओढला जायचा. दोन्ही काठांचे पुरुष पाण्यात भिडायचे. नगारा थांबला की उरलेसुरले घरी परतायचे, आणि त्यांना काही म्हणजे काही आठवायचं नाही. आठवायचं ते बायकांना. त्या काठावर उभ्या राहून सगळं बघायच्या.

मग हे शहाणे काय करायचे? तह! दोन्ही राजे बेटावर जमायचे, सरदार जमायचे, मिसरूड फुटलेली नवी पोरं आणायचे, आणि पुन्हा त्याच नगाऱ्यावर हात ठेवून शांततेची शपथ घ्यायचे. मागची शपथ कमी पडली, म्हणायचे, आता मोठी घेऊ. चोराच्याच हाती किल्ल्या द्यायच्या आणि वर पहारा कडक ठेवला म्हणायचं, त्यातली गत. दर तहागणिक नगारा पुष्ट होत गेला. बायकांना बेटावर पाऊल टाकायची बंदी होती. तहात बाईचं काय काम, असं दोन्हीकडे म्हणत. पण तह टिकावा म्हणून इकडची पोर तिकडे आणि तिकडची इकडे द्यायची चाल मात्र होती. तहात बाई बसवत नसत, तहात बाई देत.

अशी दिलेली एक पोर म्हणजे धुरपदा. माहेर मळईत, सासर डोंगरात. नवरा मानाजी, डोंगराच्या राजाचा शिलेदार. सासू कधीच वारलेली, सासरा गोंदाजी म्हातारा पण हाडापेरानं मजबूत. घर चांगलं होतं. मागच्या वेळी नगारा वाजला तेव्हा धुरपदा काठावर उभी होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या सासऱ्यानं तिच्या बापाला मारलं. संध्याकाळी गोंदाजी घरी आला, अंगणात हात धुतले, आणि नेहमीसारखा म्हणाला, "सूनबाई, भाकरी झाली का?" त्याला काही ठाऊक नव्हतं. तिनं भाकरी वाढली. कुणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्या दिवसापासून सासऱ्याच्या ताटात वाढताना ती त्याच्या हातांकडेच बघायची, आणि तो धुतलेल्या हातांनी नातवंडाला कुरवाळू लागला की पोर उचलून आत न्यायची.

त्यानंतरच्या तहात तिच्या भावानं, हैबतीनं, पहिल्यांदा शपथ घेतली. पोराला ओठावर नीट मिशाही नव्हत्या.

आणि एका दुपारी पाण्याला गेलेल्या बायकांनी पाहिलं, की बेटावरच्या नगाऱ्याचं कातडं ओलं झालंय. धुरपदाच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या दुपारी नदीत एका बाजूनं नवरा उतरणार, एका बाजूनं भाऊ. दोघांतला एक तरी परत येणार नाही, आणि जो येईल तो तिला विचारणार, भाकरी झाली का.

ती हंडा तिथंच टाकून थेट दरबारात गेली. डोंगराचा राजा सिंहासनावर होता, राणी पडद्याआड होती. धुरपदानं मुजरा केला आणि सांगितलं, की महाराज, नगारा घामेजला. तो शपथेनं थांबत नाही, शपथेनंच वाढतो. काठावरून आम्ही हे पिढ्यानपिढ्या बघतो आहोत. आम्हाला बेटावर जाऊ द्या, यंदा आमचं ऐका.

राजा म्हणाला, "राज्याचं रक्षण हे पुरुषांचं काम. बायकांनी घर राखावं."

"राखायला घरात कोण उरलंय, महाराज?"

दरबारात कुणी हसलं नाही. राजानं नजर फिरवली आणि भालदाराला खूण केली. पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या, एवढंच. धुरपदाला बाहेर काढलं.

ती नदीकाठच्या वाळूत येऊन बसली. भीतीनं तिला रडूसुद्धा येईना. तिथं वाळूतच एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती माणसासारखी बोलली. त्या राज्यात टिटव्या बोलत, पण त्यांचं ऐकणं अशुभ म्हणून लोक कानांवर हात ठेवत. धुरपदानं हात मांडीवरच ठेवले.

टिटवी म्हणाली, की मला तुमचं प्रेम नाही. दर वेळी तुमचे पुरुष माझी अंडी तुडवतात म्हणून सांगते. तो नगारा जळेल, पण साध्या आगीनं नाही. ज्या घरचं माणूस नदीत गेलं त्या घरच्या चुलीचा विस्तव हवा, दोन्ही काठांचा, आणि घरधनिणीनं आपणहून दिलेला. हे एक. विस्तव घेऊन तिन्हीसांजेला उतारावरून नदी पार करायची. तिथं बुडालेले उभे असतात. ते विचारतील, त्याचं उत्तर द्यायचं. चुकीचं दिलं तर तूही तिथंच उभी राहशील. हे दुसरं.

"आणि तिसरं?"

"तिसरं बेटावर सांगेन. आत्ता सांगितलं, तर पहिली दोन तू करायची नाहीस."

धुरपदा उठली. मातीचं खापर घेऊन डोंगराकडच्या गावात दारोदार गेली. त्या राज्यात गेलेल्या माणसाच्या घरचा विस्तव उंबऱ्याबाहेर काढत नसत. घराचं उरलंसुरलं भाग्य त्याच्याबरोबर जातं अशी समजूत होती. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं कुत्रं सोडलं. तिसरीनं सगळं ऐकून घेतलं, चुलीतला निखारा पळीनं काढला आणि तिच्या खापरात टाकला. म्हणाली, की भाग्य राहिलंय कुठं जायला. मग आणखी बायका आल्या. धुरपदानं निखाऱ्यांवर शेणी ठेवल्या, वर राख पसरली, आणि सगळ्यांना एकच सांगितलं, उद्या दुपारी बेटावर या. बंदी आहे, ठाऊक आहे, तरी या.

तिन्हीसांजेला ती उताराशी आली. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर. डोक्यावर खापर घेऊन ती आत शिरली. चार पावलं गेली असेल नसेल, तोच कुणीतरी घोटा धरला. मग दुसरा घोटा. पाणी थंडगार झालं. समोर पाण्यातून कमरेपासून वर आलेले पुरुष उभे होते, इकडचे आणि तिकडचे, एकमेकांत मिसळलेले, भिजलेले, डोळे न मिटणारे. सगळ्यांनी एका आवाजात विचारलं, "तू कोणत्या काठाची?"

डोंगराची म्हणावं तर मळईचे ओढणार, मळईची म्हणावं तर डोंगराचे. आणि त्यांच्यात पुढं तिचा बाप उभा होता. तोही तेच विचारत होता. त्यानं तिला ओळखलं नव्हतं.

ती म्हणाली, "मला दोन्ही काठांचं सुतक आहे. सासरचं दहा दिवसांचं, माहेरचं तीन दिवसांचं, असं शास्त्र सांगतं. माझं फिटतच नाही."

घोट्यावरची बोटं एकेक करून सुटली. ती बापाच्या अगदी जवळून गेली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण तो पलीकडे पाहत होता. ती पार झाली तेव्हा खापरातला विस्तव जिवंत होता आणि तिचे दात वाजत होते.

पलीकडे तिचं माहेर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. माहेरच्या गावात ती आता शत्रूची सून होती. आईचं घर गावाच्या पार टोकाला होतं आणि तिथवर जायला वेळ नव्हता. तिनं पहिलंच दार वाजवलं, चिमाकाकूचं. चिमाकाकूचे दोन मुलगे नदीत गेले होते. तिनं धुरपदाला ओळखलं आणि म्हणाली, "कुणाच्या भाल्यानं गेले ठाऊक आहे तुला? तुझ्या नवऱ्याच्या."

धुरपदाला हे ठाऊक नव्हतं; त्या दुपारी तिला बापाशिवाय काही दिसलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. मग तिनं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं: बाप कुणाच्या हातून गेला, आणि त्याच संध्याकाळी तिनं कुणाला भाकरी वाढली. चिमाकाकू ऐकत राहिली. बाहेर अंधार झाला. ती रात्र त्या दोघींनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक, मी सांगत नाही. पण सकाळी चिमाकाकूनं चुलीतला विस्तव आपल्या हातानं काढून दिला, पदर खोचला, आणि गावातल्या बायका गोळा करायला निघाली.

दुपार झाली. दोन्ही काठांवरून बायका पाण्यात उतरल्या आणि बेटावर चढल्या. त्यांच्यात डोंगराची राणीही होती, पायात जोडे नाहीत, हातात चांदीच्या वाटीत निखारे. तिचाही मुलगा नदीत गेला होता. नगाऱ्याला इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कातड्यावर घामाचे थेंब होते, आणि आतून हात टेकलेले दिसत होते. पंजेच्या पंजे, बोटं पसरलेले, बाहेर यायला धडपडणारे. एक बाई मागं सरून पाण्यात पडली.

टिटवी कातळावर येऊन बसली. "हे सगळे हात तुमच्या पुरुषांचे. आत असताना नगारा जाळलात तर पुरुष जन्माचे थोटे होतील. आधी हात बाहेर काढा. ज्याचा हात, त्याला नावानं हाक मारायची. त्याच्या घरच्या बाईनं मारायची. हे तिसरं."

आणि नगारा वाजला.

तो आवाज कानात नाही, छातीत यायचा. दोन्ही काठांवर पुरुष दिसू लागले. पुढं उठलेले हात, त्यांत भाले आणि कोयते, मागून ओढली जाणारी माणसं. त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणीच नव्हतं.

आया हाका मारू लागल्या, बहिणी हाका मारू लागल्या. हाक लागली की कातड्याखालचे दोन पंजे सपाट व्हायचे, आणि तिकडे एका माणसाच्या हातातून शस्त्र गळायचं. धुरपदानं हैबतीला हाक मारली. हैबतीचा कोयता पाण्यात पडला. तो नदीच्या मधोमध उभा राहिला, मोकळ्या हातांनी, झोपेतून उठल्यासारखा, आणि म्हणाला, "ताई, तू इथं कशी?"

पण बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, हे दोन्ही काठांवरच्या पोरी दुधाबरोबर प्यायलेल्या. तेव्हा नगाऱ्यापाशी उभ्या राहिलेल्या शंभर बायका काय ओरडत होत्या? "अहो! अहो, इकडे बघा! अहो, ऐकलंत का!" अहो म्हटल्यावर कोणाचे हात सुटणार? नगारा वाजतच राहिला, आणि मला सांगतात, तो तेव्हा आतून हसत होता.

धुरपदानं पाहिलं, मानाजी भाला घेऊन येतोय. सरळ हैबतीकडे. हैबती मेव्हण्याला ओळखून उलट त्याच्याकडेच चालला होता, हात पुढं करून.

इकडे आड, तिकडे विहीर. नाव घ्यावं तर नवऱ्याचं आयुष्य जाईल, न घ्यावं तर भावाचं आत्ता जाईल. भाला वर उठला.

"मानाजी!"

बेटावरच्या बायका दचकून गप्प झाल्या. भाला हैबतीच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबला आणि पाण्यात पडला. मानाजी तिथंच गुडघ्यांवर बसला. मेला नाही. त्यानं श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि सगळ्या बायकांनी तो पाहिला.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. भीतीनं कापत, डोळे मिटून, एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं, मग सगळ्याच घेऊ लागल्या. ज्यांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं अशांना शेजारणींनी घरचं मानून हाक दिली. राणीनं राजाला हाक मारली, "धोंडू!" राजाची आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून त्याचं पाळण्यातलं नाव ते ठेवलेलं. एवढ्या घोर संकटातही दोघीतिघी फिसकन हसल्या. भाले गळत गेले, कातडं सपाट होत गेलं, आवाज उतरत गेला.

पण थांबला नाही. कातड्याखाली दोन पंजे अजून होते, म्हातारे, गाठाळलेल्या बोटांचे. धुरपदानं ते ओळखले. रोज ताटात बघत होती ती.

नदीत गोंदाजी एकटा भाला घेऊन फिरत होता, आणि समोर सगळे निःशस्त्र. त्याला हाक मारायला आई नव्हती, बहीण नव्हती, बायको नव्हती. घरची बाई एकच होती.

चिमाकाकू म्हणाली, "विस्तव विझत आलाय. जाळून टाक. त्याचे हात गेले तर जाऊ देत."

आणि धुरपदाला तेच हवं होतं. उगाच कशाला लपवायचं? तिला मनापासून वाटलं, की जाऊ देत ते हात, जळू देत, माझा बाप पाण्यात उभा आहे. तिनं खापर उचललंसुद्धा. ते हात कातड्याखाली एकदा वळले, एकदा उघडले, इतर कुणाच्याही हातांसारखेच. तिनं खापर खाली ठेवलं.

"गोंदाजी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही.

भाला पडला. नगारा गप्प झाला. धुरपदानं दोन्ही काठांचा विस्तव कातड्यावर ओतला, राणीनं आपली वाटी ओतली, आणि तो नगारा पेटला. तांबं वितळून कातळावरून वाहिलं, आणि जुनं मांत्रिकाचं हसू एकदा उमटून मध्येच तुटलं. शाप संपला.

शाप संपला तसं पुरुषांना आठवलं. सगळं, सगळ्यांना, एकदम. नदीभर पुरुष उभे होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मानाजी चिमाकाकूकडे बघून तोंड झाकून बसला. ती दुपार नगाऱ्याच्या दुपारींपेक्षा भयंकर होती, असं म्हातारी माणसं सांगत.

गोंदाजी बेटावर चढला आणि सुनेसमोर उभा राहिला. हात अंगापासून लांब धरले होते त्यानं.

"तुझा बाप माझ्या हातानं गेला."

"होय, मामंजी."

"तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मग हात परत का दिलेस?"

"नगाऱ्याचे होते तोवर त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता," धुरपदा म्हणाली. "आता ते तुमचे आहेत. आता मला रागावता येईल."

म्हातारा खाली बसला आणि रडला. तिनं त्याचं सांत्वन केलं नाही आणि ती तिथून गेलीही नाही.

दोन्ही राजांनी त्याच बेटावर तह केला. हात कशावर ठेवायचे, असं मळईच्या राजानं सवयीनं विचारलं. राणी म्हणाली, हात मांडीवर ठेवा आणि ऐका. मग बायका बोलल्या. काठावरून जे जे पाहिलं ते ते, नावानिशी. कुठल्याच सरदाराला उठून जायची परवानगी नव्हती. सीमा कुठं राखायची, उतारावर पहारा कुणाचा, भांडण झालं तर कुणाच्या घरी बसून मिटवायचं, हे सगळं त्यानंतर ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत निम्म्या बायका होत्या. पुढं दर तहाला तसंच होत गेलं. पोरी द्यायची चाल मोडली. ज्यांना नदीपलीकडचा नवरा हवा होता त्यांनी तो आपण शोधला. मानाजी म्हाताऱ्या वयापर्यंत जगला, आणि धुरपदा त्याला चांगली नावानं हाक मारून कामं सांगायची.

तह झाल्या दिवशी गोंदाजी म्हणाला, मला तुझ्या आईकडे जायचंय. धुरपदा पुढं चालली, तो मागून. गावाच्या टोकाला तिच्या आईनं दार उघडलं, लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्यानं जे सांगायचं ते उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. त्या माउलीनं दार लावलं नाही.

इथं माझी गोष्ट सरली. ऐकणाऱ्याचे हात त्याचे त्याच्यापाशी राहोत, आणि राज्यात सगळ्यांना सुखाची झोप लागो.